काचेतलं पाणी (भाग ९) : ठिपके गेले, रोग राहिला

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की तिकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि इकडे नाशिक शहरातल्या ॲक्वेरियमच्या दुकानांत एकाच तक्रारीची गिऱ्हाइकं वाढतात. माशांच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके आलेत, मासे दगडाला अंग घासतायत, खात नाहीत. दुकानदार न विचारताच निळ्या औषधाची बाटली पुढे करतो. दोन-तीन दिवसांत ठिपके जातात, घरात आनंदीआनंद होतो, बाटली कपाटात जाते. आठवडा उलटायच्या आत ठिपके परत येतात, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त.

औषध खोटं नव्हतं. ते चुकीच्या दिवसांत पडलं आणि चुकीच्या दिवशी थांबलं.

हा 'व्हाइट स्पॉट', शौकिनांच्या बोलीत 'इच'. इक्थिऑफ्थिरिअस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो. फूके या फ्रेंच संशोधकाने 1876 मध्ये त्याचं वर्णन केलं. माणसाला तो लागत नाही. गोड्या पाण्यातल्या जवळजवळ कुठल्याही माशाला मात्र लागतो. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना, तसाच शेततळ्यातल्या रोहू-कटल्यालाही.

आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून बसलेला, पोसला जाणारा परजीवी. त्याच्यावर माशाच्याच कातडीचं पांघरूण असतं, त्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध तिथे पोचत नाही. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाच्या खड्यांना किंवा झाडांच्या पानांना चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एकातून शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं निघतात. ती पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषधाचा, मिठाचा घाव बसतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवरच. म्हणजे ठिपके 'गेले' म्हणून आपण औषध थांबवतो, तेव्हा ते नुसते तळाशी उतरलेले असतात.

द्राक्षवाल्यांना हे वेगळं समजावायला नको. डावणी रोग पानावर दिसल्यावर फवारायला धावणारा आणि हवा बघून आधीच फवारणारा, यांतला कुणाचा माल बाजारात जातो ते त्यांना ठाऊक आहे.

आता थंडीकडे. आपल्या टाक्यांतले बहुतेक मासे उष्ण प्रदेशातले, त्यांना 24 ते 27 अंश पाणी मानवतं. नाशिकच्या जानेवारीत हीटर नसलेली टाकी पहाटे वीस अंशांच्याही खाली जाते, दुपारी पुन्हा चढते. त्यात रविवारी सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं गार पाणी थेट नळाने सोडून अर्धी टाकी बदलायची, हा आपला आवडता उद्योग. या चढउताराने माशांची प्रतिकारशक्ती ढासळते. उलट परजीवी थंडीत मरत नाही, फक्त सावकाश चालतो. 25 अंशांना त्याचं चक्र साधारण आठवड्यात पुरं होतं, 10 अंशांना महिन्याहून जास्त लागतो. थंड पाण्यात पाच दिवसांचा औषधाचा कोर्स वाया जातो तो म्हणूनच.

तेव्हा पहिलं औषध म्हणजे हीटर. पाणी एकदम तापवू नका. दिवसाला एक-दोन अंश चढवत 30 पर्यंत न्या. चक्र वेगाने फिरतं, पिल्लं लवकर बाहेर पडतात आणि 30 च्या वर परजीवीच्या बहुतेक वाणांची वाढच थांबते. काही वाण उष्णता सोसतात, म्हणून नुसत्या हीटरवर विसंबू नये. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसातच. हा परजीवी कल्ल्यांतही बसतो, मासा आधीच धापा टाकत असतो. एअर पंप रात्रंदिवस चालू हवा.

दुसरं, मीठ. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, लिटरमागे दोन ग्रॅम. दोन बाय एक बाय एक फुटांची टाकी काठोकाठ 56 लिटरची, पण खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे नव्वद ग्रॅम मीठ, वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत. मीठ उडून जात नाही. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच नवं घालायचं. रोज सायफनने खडे ढवळून तळ ओढायचा, कवचातले परजीवी तिथेच असतात. शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही हे आठवडाभर चालू ठेवायचं. लोच आणि कॅटफिश यांना मीठ आणि औषध दोन्ही बाधतं, तिथे मात्रा अर्धी.

बाटलीतलं औषध वापरायचं झालं तर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिनचं मिश्रण निळ्यापेक्षा जास्त प्रभावी. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तोच औषध पिऊन टाकतो. हातमोजे घाला. खाण्याच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन वापरायला मनाई आहे, त्यामुळे शेततळ्याकडे ही बाटली न्यायची नाही. द्राक्षवाल्यांच्या घरात मोरचुदाची पिशवी असतेच म्हणून चिमूटभर टाकणारेही भेटतात. मोरचुदातलं तांबं या परजीवीला मारतं हे खरं, पण त्याला मारणारी आणि माशाला मारणारी मात्रा फार जवळजवळ आहेत, आणि पाणी जितकं मऊ तितकं तांबं जहाल. गोगलगाई आणि झिंगे तर पहिल्यांदा जातात. हा प्रयोग करू नयेच.

एक इशारा. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला विणीच्या काळात ओळीने पांढरे दाणे येतात. तो खाऊनपिऊन टुणटुणीत असेल तर त्याला औषध पाजू नका.

आजारातून वाचलेल्या माशाला काही काळ प्रतिकारशक्ती येते, पण त्याच्या कल्ल्यांत थोडे परजीवी उरू शकतात. म्हणून जुने मासे धडधाकट आणि नवा आणलेला चार दिवसांत ठिपक्यांनी भरलेला, असं होतं आणि दोष दुकानावर जातो. कधी दुकानाचाही असतो. नवा मासा दोन-तीन आठवडे खड्यांविना, हीटर लावलेल्या वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. तिची जाळी आणि बादलीही वेगळी. दुकानात निवडलेल्या माशाकडे पाहण्याआधी त्याच्या टाकीतल्या बाकीच्यांकडे पाहावं, आणि सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असेल तर शेजारच्या टाक्यांकडेही.

पुढच्या आठवड्यात : शेपट्या झडू लागतात तेव्हा.