घाई नाही, घाम नाही, तरीही व्यायाम!

मैत्रिणींनो, चिनी व्यायाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सिनेमातला कुंग फू. उड्या, लाथा आणि आरडाओरडा! पण चीनमधल्या साध्या घरातल्या बायका रोज सकाळी बागेत जे करतात, ते याच्या अगदी उलट. सगळं संथ, शांत. बघणाऱ्याला वाटावं, यात कसला आलाय व्यायाम?

मुलाच्या नोकरीमुळे मला दोनदा बीजिंगला राहायचा योग आला. सकाळी फिरायला मी 'टेंपल ऑफ हेवन'च्या बागेत जायचे. दुरून सगळे गट सारखेच दिसतात. जवळ गेलं की फरक कळतो. एक गट पावलं टाकत पुढे सरकत असतो. दुसरा जागचा हलत नाही, फक्त हात वर-खाली. आणि तिसऱ्या गटातल्या आज्या चक्क अस्वलासारख्या डुलत असतात! परत आल्यावर इथल्या मैत्रिणींचा एकच प्रश्न असतो, "अगं, यातलं आपल्यासाठी चांगलं कोणतं?" म्हणून आज जरा तुलनाच करूया.

मूळ एक, फांद्या अनेक

हे व्यायाम आजकालचे नाहीत. चीनच्या हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे १९७० च्या दशकात जुन्या कबरी उकरल्या गेल्या. त्यातली एक इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली. तिच्यात रेशमी कापडावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती सापडल्या. त्यात पुरुषांबरोबर बायकाही आहेत, बरं का!

या सगळ्यामागची कल्पना 'ची'ची. आपण ज्याला प्राण म्हणतो, त्याच्या जवळचा हा शब्द. शरीर, श्वास आणि लक्ष ही तिन्ही एकत्र चालली की ची नीट वाहते, असं चिनी परंपरा मानते. अशा व्यायामांना मिळून 'ची-गाँग' म्हणतात.

ताई-ची : पाय भक्कम करणारी

ताई-ची मुळात युद्धकला. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावातून ती पसरली. एकोणिसाव्या शतकात यांग लुचान यांनी ती बीजिंगला नेली. १९५६ मध्ये सरकारी क्रीडा खात्याने यांग पद्धतीवरून २४ हालचालींचा सोपा संच बनवला. तो करायला पाच-सहा मिनिटं लागतात. २०२० मध्ये युनेस्कोनेही ताई-चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

हिची खुबी एकच. शरीराचा भार सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो, तोही गुडघे किंचित वाकवून आणि सावकाश. त्यामुळे मांड्यांना काम मिळतं आणि तोल सुधारतो. अडचण अशी, की २४ हालचाली क्रमाने लक्षात ठेवायला वेळ लागतो आणि सुरुवातीला शिकवणारं कुणी तरी लागतंच.

बा-दुआन-जिन : आठ सोप्या हालचाली

नावाचा अर्थ 'रेशमी वस्त्राचे आठ तुकडे'. याचे उल्लेख सोंग राजवटीपासून, म्हणजे आठशेहून जास्त वर्षांपूर्वीपासून मिळतात. दोन्ही हात गुंफून आभाळ उचलल्यासारखे वर न्यायचे. धनुष्य ओढल्यासारखा हात ताणायचा. मग एक हात वर, एक खाली. मान वळवून मागे बघायचं. गुडघे वाकवून कंबर डोलवायची. पुढे वाकून हात पावलांकडे न्यायचे. मुठी वळून डोळे वटारायचे. आणि शेवटी टाचा उचलून पुन्हा टेकवायच्या. झालं!

जागा सोडायची नाही, क्रम सोपा, आणि वेळ साधारण बारा ते पंधरा मिनिटं. कुकरच्या शिट्या मोजता मोजताही होईल, असं म्हणणार होते, पण नको. लक्ष श्वासाकडे हवं, तेव्हा गॅस बंद करूनच करा!

वाघ, हरीण आणि सारस

'वू-छिन-शी' म्हणजे पाच प्राण्यांचे खेळ. वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे प्रसिद्ध वैद्य ह्वा त्वो यांचं नाव याच्याशी जोडलं जातं. सतत उघडझाप होणाऱ्या दाराची बिजागरी सडत नाही, तसंच शरीराचं, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा. हा प्रकार गमतीचा आहे, नातवंडांबरोबर करण्यासारखा. पण पक्ष्याच्या खेळात एका पायावर उभं राहावं लागतं, तेव्हा आधाराला भिंत जवळ असू द्या.

'यी-जिन-जिंग'मध्ये ताण जास्त. अंगात थोडी ताकद असलेल्यांसाठी तो चांगला. भारतातून शाओलिन मठात गेलेल्या बोधिधर्मांनी तो शिकवला, अशी आख्यायिका आहे. ऐकून आपली कॉलर ताठ होते खरी, पण त्याचा ग्रंथ सतराव्या शतकातला असल्याचं अभ्यासक सांगतात.

आणि 'ल्यू-झी-च्युए' म्हणजे सहा अक्षरांचा श्वास. श्वास सोडताना सहा वेगवेगळे उच्चार करायचे. हा बसूनही जमतो. आजारपणातून उठलेल्या बाईला झेपेल असा.

अभ्यास काय सांगतात?

परंपरा एका बाजूला, पुरावा दुसऱ्या बाजूला. 'ची'चे मार्ग अजून कुठल्या यंत्रात दिसलेले नाहीत. पण या व्यायामांचा फायदा मोजता येतो, आणि तो मोजलाही गेलाय.

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो तोल सावरण्याबाबत. अमेरिकेत सत्तरीपुढच्या ६७० जणांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सगळी मंडळी आधी पडलेली किंवा चालताना डगमगणारी होती. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, आठ हालचालींवर बेतलेली ताई-ची करणाऱ्यांचं पडणं नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी झालं. इतर मिश्र व्यायाम करणाऱ्यांशी तुलना केली तरी ते ३१ टक्क्यांनी कमीच होतं.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं? पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. मग बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि घरभर फिरणारी बाई अंथरुणाला खिळते. असं एक तरी उदाहरण आपल्या प्रत्येकीच्या नात्यात असतं.

गुडघेदुखीसाठी अमेरिकेतच २०४ जणांवर झालेल्या २०१६ च्या अभ्यासात बारा आठवड्यांनी ताई-ची आणि फिजिओथेरपीचा आराम जवळजवळ सारखाच निघाला. रक्तदाब काठावर असलेल्या ३४२ जणांचा बीजिंगमधला अभ्यास २०२४ चा. वर्षभरानंतर ताई-चीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी ७ ने उतरला, भरभर चालण्यासारखे व्यायाम करणाऱ्यांचा साडेचारच्या आसपास. बा-दुआन-जिनवरही बरेच अभ्यास झालेत, पण त्यातले अनेक लहान आहेत.

चमत्कार नको

गुओ लिन नावाच्या एक चिनी चित्रकार होत्या. त्यांना गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता. १९७० च्या दशकात त्यांनी बीजिंगच्या बागेत कॅन्सरच्या रुग्णांना चालता चालता करायचं ची-गाँग शिकवायला सुरुवात केली. एकट्या पडलेल्या कितीतरी लोकांना त्या गटात धीर मिळाला. पण हे विसरू नका, की त्यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियाही करून घेतल्या होत्या. ची-गाँगने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही.

पुढे १९८० आणि ९० च्या दशकांत चीनमध्ये ची-गाँगची अशी काही लाट आली, की हात न लावता रोग बरा करतो म्हणणारे 'गुरू' गल्लोगल्ली झाले. त्यानंतर सरकारने लगाम घातला आणि २००३ मध्ये बा-दुआन-जिन, वू-छिन-शी, यी-जिन-जिंग आणि ल्यू-झी-च्युए यांचे ठरावीक संच जाहीर केले. तेव्हा कुणी म्हणालं, "हे करा आणि बीपीची गोळी बंद करा," तर तिथून सरळ घरी या.

मग आपण काय निवडायचं?

"आपली योगासनं असताना हे कशाला?" हा प्रश्न येणारच. योगासनं करत असाल तर खुशाल चालू ठेवा. पण ज्यांना खाली बसून उठणं जमत नाही, त्यांच्यासाठी हे उभ्याने करायचे व्यायाम सोयीचे आहेत. सतरंजी नको, वेगळे कपडे नकोत.

• गावात शिकवणारं कुणी नसेल तर बा-दुआन-जिनपासून सुरुवात करा. मोबाइलवर व्हिडिओ मिळतात. रोज एकच हालचाल शिका, आठ दिवसांत आठ होतील.

• तोल जातो, चालताना भीती वाटते, त्यांनी जमेल तेव्हा ताई-ची शिकावी. सुरुवातीला खुर्चीचा आधार घ्यावा.

• गुडघे दुखत असतील तर फार खाली बसू नका. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका.

• हाडं ठिसूळ असतील तर पुढे खूप वाकणं टाळा आणि टाचा हलकेच टेकवा. आधी डॉक्टरांना विचारा.

• दम लागत असेल तर बसून सहा अक्षरांचा श्वास करा.

बीजिंगच्या बागेतल्या बायकांना मी विचारायचे, किती वर्षं करताय? बोटांवर मोजून उत्तर यायचं, दहा, पंधरा, वीस. मला वाटतं खरं गुपित तेच आहे. पाचांमधला कुठला प्रकार घेतला, यापेक्षा तो रोज केला का, हे महत्त्वाचं. घरच्या सगळ्यांचं आवरून झाल्यावर उरलेला वेळ आपला, असं ठरवाल तर तो वेळ कधी उरणारच नाही. म्हणून सकाळची पंधरा मिनिटं आधीच स्वतःच्या नावावर काढून ठेवा. चहा थोडा उशिरा मिळाला म्हणून घरात कुणाचं काही बिघडत नाही!