विहाराचे चित्र आणि विहाराचा नकाशा

नियोजित विहाराचे संगणकावरील रंगीत चित्र पाहून आपण हरखून जातो. असे चित्र तयार करण्यास रेंडरिंग म्हणतात. १९८२ साली आलेले ऑटोकॅड मुख्यतः मोजमापाच्या नकाशांसाठी वापरतात. स्केचअपमध्ये इमारतीचा आकार चटकन उभा राहतो. हुबेहूब चित्रासाठी त्याला सहसा व्ही-रे जोडतात. रेव्हिटमध्ये भिंत सरकवली की नकाशा व छेद दोन्ही आपोआप बदलतात. ब्लेंडर प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून खरी वाटणारी छाया दाखवते. ते विनामूल्य असल्याने होतकरू विद्यार्थ्यांनी जरूर शिकावे. मात्र घुमटाचा भार भिंती पेलतील काय, हे सुंदर चित्र सांगत नाही. म्हणून समाजाच्या देणगीचा पैसा खर्चण्यापूर्वी सभासदांनी मोजमापांचा नकाशा व अभियंत्याचा हिशेब अवश्य मागावा.