आधी पाय दाखवा

कोल्हापुरातल्या खासबागेच्या कुस्ती मैदानात कुठंही बसा, हौदातल्या दोन्ही पैलवानांचे पाय दिसतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या या मैदानाची बैठक अशी उतरती आहे की पुढच्याचं डोकं मागच्याला आड येत नाही. त्यामुळं इथला प्रेक्षक चिकित्सक झाला. त्याला मारामारीचा पिक्चर दाखवणं सोपं नाही. नायकाचा संतापलेला चेहरा, हवेत तलवार, जमिनीवर पडलेला शत्रू असे तीन तुकडे जोडून दिले की तो विचारणार, मारलं कधी?

चिनी भाषेतले मारधाडपट मी याच नजरेनं बघतो. कोल्हापुरात या नजरेला आणखी एक शाळा आहे, मर्दानी खेळांची. पेठांमधल्या पथकांत आजही पोरं आणि पोरीसुद्धा हलगीच्या ठेक्यावर लाठी, फरी-गदका, विटा, तलवार शिकतात. यात सगळ्यात अवघड दांडपट्टा. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आत आडवी मूठ असते, पुढं लांब, लवचीक पातं. मनगट जवळजवळ जखडलेलं. तलवारीसारखं नुसत्या मनगटानं काम भागत नाही. वार खांद्यातून निघतो, खांदा कमरेवर फिरतो आणि कंबर पायांवर. पट्टेकरी गिरकी घेतो ती शोभेची नसते, थांबला तर पात्याचा वेग मरतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू फिरत्या पात्यानं कापतात तेव्हा सगळे पात्याकडं बघतात. बघावा पुढच्या पायाचा गुडघा. तो वेळेवर वाकला नाही तर पातं लिंबावरून निघून जातं.

हाँगकाँगच्या पडद्यावर हा गुडघा दिसतो, कारण तिथं मारामारी बसवणारी माणसं अशाच तालमीतून आलेली होती. जॅकी चॅन आणि सॅमो हंग लहानपणी यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत होते. कोलांट्या, शस्त्रं, गाणं, सगळं तिथंच, आणि मारही भरपूर. किंग हू यांच्या पटांतल्या लढाया बसवणारे हान यिंग-चिएहसुद्धा ऑपेरातलेच. पुढं तिथं असा रिवाज पडला की मारामारी सुरू झाली की कॅमेरा कुठं ठेवायचा आणि फिल्म कुठं कापायची, यातही मारामारी बसवणाऱ्याचा शब्द चालतो. उस्तादाच्या हाती कात्री आली! सगळा फरक इथं पडला. बरं, ते काही कापत नाहीत असं नाही. किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’मधली बांबूच्या बनातली लढाई तर बारीक बारीक तुकड्यांचीच आहे. पण तो तुकडा झेप दाखवायला कापलेला असतो, नटाची कच्ची तयारी झाकायला नव्हे.

अलीकडच्या पटांत ‘क्राऊचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) सगळ्यांनी पाहिलाय, आणि लक्षात ठेवलंय ते झाडांवरून उडणं. माझ्या लेखी खरा ऐवज आहे तो मिशेल यो आणि झँग झियी यांची तालमीतली लढत. समोर एकच अस्सल तलवार. यो एकामागून एक शस्त्र उचलते आणि प्रत्येक शस्त्रासोबत तिची चाल बदलते. युएन वू-पिंग यांनी बसवलेली ही काही मिनिटं मर्दानी खेळाच्या वर्गात दाखवण्यासारखी आहेत. झँग यिमौ यांचा ‘हीरो’ (२००२) देखणा आहे, पण त्यातली माणसं जमिनीवर टिकतच नाहीत. देखणेपणावर मी नाराज नाही, फक्त तिथं पवित्रा शोधू नये.

‘शा पो लांग’मधली (२००५) गल्लीतली लढत मात्र चुकवू नका. डॉनी येनच्या हातात पोलिसी दांडका, वू जिंगकडं आखूड सुरा. दांडकेवाल्याला अंतर राखायचंय, सुरेवाल्याला आत घुसायचंय. फरी-गदका खेळलेल्या पोराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तीन वर्षांनी आलेला ‘इप मॅन’ सॅमो हंग यांनी बसवला. राष्ट्राभिमानाचा डोस आपल्या पटांइतकाच जड, हात मात्र स्वच्छ.

आणि शु हाओफेंग यांचा ‘द फायनल मास्टर’ (२०१५). दक्षिणेतला एक उस्ताद १९३० च्या दशकातल्या तिआनजिनमध्ये शाळा काढायला येतो आणि तिथल्या जुन्या उस्तादांच्या राजकारणात सापडतो. कुणाचा शागीर्द कुणाला भिडणार, कुणाची अब्रू जाणार, याचे डाव आधीच चहाच्या टेबलावर ठरतात. तालमींच्या गावात हे परकं वाटणार नाही. शेवटी गल्लीत एकेक गडी वेगळं शस्त्र घेऊन येतो. वार आखूड, उड्या नाहीत, कुस्ती निकाली.

आता आपल्याकडं. तालीम आणि स्टुडिओ एकाच गावात, हा योग कोल्हापूरला केव्हाच आला होता. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ‘सिंहगड’ १९२३ मध्ये केला, त्यात शेलारमामा झाले व्ही. शांताराम. प्रभातचा ‘उदयकाल’ही (१९३०) इथलाच. पुढं भालजी पेंढारकरांनी शिवकाल हीच आपली वतनवाडी केली. तरीही शंभर वर्षांत मारामारी बसवणारा उस्ताद म्हणून एकाही पट्टेकऱ्याचं नाव प्रेक्षकाच्या ओठी नाही. अलीकडच्या ऐतिहासिक पटांत स्लो मोशन, रक्ताचे शिंतोडे आणि ढोल यांची रेलचेल; पाय बहुधा चौकटीबाहेर.

घोडखिंडीचाच प्रसंग घ्या. चिंचोळी वाट, आणि दोन्ही हातांत पट्टे घेतलेला बाजीप्रभू. त्या पात्यांच्या घेरात आपल्याही माणसाला उभं राहता येणार नाही. मग बाकीचे मावळे कुठं? मागं की दरडीवर? बाजी मागं सरला तर घेर कुणाच्या अंगावर येतो? शस्त्राची लांबी ठरली की माणसांच्या जागा ठरतात, जागा ठरल्या की कॅमेऱ्याची जागा ठरते. हाँगकाँगचा माणूस कामाला इथूनच लागला असता. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. पुढच्या वेळी खिंड चित्रित करायला निघालेल्या दिग्दर्शकानं पेठेतल्या एखाद्या वस्तादाला बोलवावं, आणि नटाला शिकवून झाल्यावर घरी न पाठवता संकलनाच्या खोलीतही बसवून ठेवावं.