सुबारूचा तुटका ठेका

२०१४ साली अमेरिकेत नवी डब्ल्यूआरएक्स विकायला आली, तेव्हा सुबारूच्या जुन्या भक्तांना पहिली उणीव जाणवली ती कानाला. कागदावर गाडी सरस होती. जुन्या अडीच लिटर इंजिनाच्या जागी दोन लिटरचं एफए२० इंजिन आलं होतं. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात होतं, ताकद २६५ वरून २६८ अश्वशक्तीवर गेली होती आणि टर्बोही आधीपेक्षा लवकर जोर धरत होता. पण ज्या आवाजावरून दोन गल्ल्या पलीकडून सुबारू ओळखता यायची, ती धपधपत येणारी गुरगुर गेली होती. अनेकांनी मागचा सायलेन्सर काढून बाजारातला मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. गाडी मोठ्यानं ओरडू लागली. गुरगुर मात्र आली नाही.

ती येणं शक्यच नव्हतं. स्पोर्ट्स सेडानला बाहेरचा एक्झॉस्ट बसवू पाहणाऱ्या प्रत्येकानं सुबारूची ही गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण आवाज नेमका कुठं तयार होतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी गाडी सापडणं कठीण आहे.

गुरगुर बॉक्सर इंजिनाची, असा सर्रास समज आहे. सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले असतात, म्हणून आवाज वेगळा, असं सांगितलं जातं. पण नवं एफए२० सुद्धा बॉक्सरच होतं. फरक होता तो सिलिंडरमधून निघालेला वायू टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात, म्हणजे हेडरमध्ये. सुबारूच्या चार सिलिंडरांचा फायरिंगचा क्रम १-३-२-४ असा आहे. यातले १ आणि ३ उजवीकडे बसतात, २ आणि ४ डावीकडे. म्हणजे आधी उजवीकडचे दोन ठोके पडतात, मग डावीकडचे दोन. जुन्या ईजे मालिकेच्या इंजिनात टर्बो उजव्या अंगाला, मागे आणि वर बसवलेला असे. उजवीकडच्या वायूची वाट त्यामुळे जवळची होती. डावीकडच्याला मात्र इंजिनाच्या पोटाखालून आडवं जाऊन मग वर चढावं लागे. हाच तो असमान लांबीचा हेडर.

मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असं इंजिन सेकंदाला १०० ठोके देतं, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये १० मिलिसेकंदांचं अंतर राहतं. हेडरमधला वायू साधारण ८०० अंश सेल्सिअसवर असला, तर त्यातून दाबाची लाट सेकंदाला सुमारे ६५० मीटर वेगानं जाते. समजा डावीकडची नळी अर्धा मीटर जास्त लांब आहे. तिथले दोन ठोके मग पाऊण मिलिसेकंद उशिरा पोचतात, आणि लांबच्या वाटेनं थोडे मऊही होतात. तबलजीनं ठेक्यातल्या दोन मात्रा बरोबर जागी टाकाव्यात आणि पुढच्या दोन किंचित मागे ओढाव्यात, तसं हे होतं. सगळे ठोके सारख्या अंतरानं आले तर कानाला एकसंध स्वर लागतो. अंतर बिघडलं की त्या स्वराखाली आणखी खालचे, जाडसर स्वर उमटतात. तीच गुरगुर.

तांत्रिकदृष्ट्या ही उणीवच आहे. टर्बोला ठोके नीट विभागून हवे असतात. म्हणून जपानमधल्या एसटीआयला, म्हणजे डब्ल्यूआरएक्सच्या जास्त जोमदार भावंडाला, दोन वेगळ्या वाटांनी वायू घेणारा ट्विन-स्क्रोल टर्बो आणि समान लांबीचा हेडर देण्यात आला, आणि तिथल्या गाड्यांची गुरगुर अमेरिकेच्या आधीच विरली. पण १९९२ मध्ये जन्मलेल्या इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा आवाज लोकांच्या कानात रुजला होता तो रॅलीच्या जंगलवाटांवरून. निळ्या गाडीतून कॉलिन मॅक्रेनं १९९५ चं जागतिक विजेतेपद मिळवलं, रिचर्ड बर्न्सनं २००१ चं, पेटर सोल्बर्गनं २००३ चं. त्या गुरगुरीशी असं प्रेम जडलं की उणीव हीच खूण झाली. अमेरिकेत तर २०२१ पर्यंत एकाच शोरूममध्ये जवळपास एकाच अंगाच्या दोन सेडान शेजारी उभ्या असत. जुनं ईजे२५७ इंजिन आणि असमान हेडर घेऊन आलेली एसटीआय गुरगुरायची, आणि समान हेडरची डब्ल्यूआरएक्स सपाट घुमायची.

एक्झॉस्ट निवडताना धरून चालायचं सूत्र इथंच सापडतं. ठेका हेडरमध्ये ठरतो. त्याच्या मागचं सगळं फक्त वजाबाकी करतं. टर्बो ठोक्यांच्या कडा घासतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणखी थोडं गाळतो, रेझोनेटर ठरावीक पट्टीतला कर्कशपणा खातो, मागचा सायलेन्सर उरलेलं मऊ करतो. मागचा डबा बदलला की इतकंच ठरतं की यांतलं किती बाहेर येऊ द्यायचं. मुळात नसलेला ठेका कुठलाच डबा देऊ शकत नाही. ज्यांना एफए२० च्या डब्ल्यूआरएक्समध्ये गुरगुर हवीच होती, त्यांच्यासाठी जपानच्या तोमेईसारख्या कंपन्यांनी मुद्दाम असमान लांबीचे हेडर काढले. ते बसवले की ठेका परत येतो. त्याबदल्यात टर्बो किंचित उशिरा जागा होतो, आणि हेडर कन्व्हर्टरच्या आधीचा भाग असल्यानं कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्याला हवा मंडळाची मान्यता लागते.

बाजारात मग तीन पातळ्या दिसतात. फक्त मागचे डबे बदलणारा अॅक्सल-बॅक, कन्व्हर्टरच्या मागचं सगळं बदलणारा कॅट-बॅक, आणि टर्बोला लागून असलेला डाउनपाइप. ताकदीचा मोठा हिस्सा डाउनपाइपमध्ये असतो, कारण टर्बोच्या तोंडाशी अडथळा कमी झाला की तो मोकळा फिरतो. नुसत्या कॅट-बॅकनं मिळणारी वाढ टर्बो गाडीत थोडकी असते, आणि विकणाऱ्यानं मोठा आकडा सांगितला तर तो ताकद मोजणाऱ्या कुठल्या यंत्रावर (डायनोवर), कुठल्या ट्यूनसह मिळाला हे विचारायलाच हवं.

डाउनपाइपमध्ये धोकाही तितकाच मोठा आहे. वाट मोकळी झाल्यावर टर्बो जास्त हवा ढकलतो, आणि जादा वायू बाजूनं सोडून देणारा वेस्टगेट लहान असेल तर बूस्ट हळूहळू हाताबाहेर चढत जातो. ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, गणित जुनंच राहिलं तर हवा जास्त आणि इंधन कमी, अशी भट्टी पेटते. ईजे२५ च्या मालकांना याची किंमत ठाऊक आहे. त्यातल्या ओतीव पिस्टनच्या रिंगांमधल्या अरुंद कडा या भट्टीतल्या नॉकिंगमध्ये, म्हणजे इंधनाच्या अवेळी स्फोटांत, तडकतात. डाउनपाइप घेणाऱ्यानं ट्यूनचे पैसे त्याच दिवशी वेगळे काढावेत. कन्व्हर्टरच काढून टाकणारे डाउनपाइपही विकले जातात. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार कन्व्हर्टर काढणं बेकायदेशीर आहे, आणि तसं नसतं तरी शहरातल्या गाडीचा कन्व्हर्टर काढणं वाईटच.

धातूंच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. ४०९ दर्जाच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम जेमतेम ११ टक्के असतं. ते स्वस्त पडतं आणि वरून गंजतं. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशातही ते टिकतं. टायटॅनियमची घनता साडेचार, पोलादाची जवळजवळ आठ, त्यामुळे वजन खूप उतरतं. पण टायटॅनियमची पातळ भिंत स्वतःच झणझणते आणि आवाजाला एक पत्र्याची धार येते. रोजच्या गाडीला ३०४ पुरेसं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वळणं मँड्रेलवर वाकवलेली हवीत, म्हणजे आतला व्यास कुठंही चेपत नाही.

सगळ्यांत जास्त पश्चात्ताप मात्र घुमण्याचा होतो. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांच्या आसपास १०० हर्ट्झचा स्वर निघतो. केबिनची पोकळी त्याच पट्टीला साथ देऊ लागली की तासाभरात डोकं जड होतं. याला चांगला इलाज आहे: मुख्य नळीला एका बाजूनं बंद असलेली फांदी जोडायची, लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चतुर्थांश. ३०० अंशांच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर, म्हणजे १०० हर्ट्झसाठी फांदी १.२ मीटरची. फांदीत शिरलेली लाट उलटी होऊन परत येते आणि नेमका तोच स्वर मारते, बाकीचे बहुतेक तसेच राहतात. चांगले उत्पादक रेझोनेटरची जागा अशाच हिशेबानं ठरवतात. गाडीबाहेर उभं राहून केलेल्या चित्रफितींत यातलं काहीच कळत नाही. ज्याला एक्झॉस्ट घ्यायचाय त्यानं त्याच मॉडेलच्या, तोच एक्झॉस्ट लावलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून महामार्गावर जावं. तिथं दोन माणसांना सहज गप्पा मारता आल्या तर घ्यावा.

कायद्याच्या मर्यादा देशोदेशी वेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियात कारची सीमा ९५ डेसिबल. जपानमध्ये पुढे इंजिन असलेल्या कारची जवळून मोजलेली सीमा बराच काळ ९६ होती, आणि एप्रिल २०१० पासूनच्या गाड्यांना बाहेरचा सायलेन्सर आधीच प्रमाणित झालेलाच लागतो. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका रेसट्रॅकवर तर अनेक दिवशी ९० किंवा ९२ डेसिबलची अट असते. तिथं जाणारे लोक टोकाला खास वाकडी नळी लावून आवाज मोजणीच्या खोलीपासून दूर वळवतात.

सुबारूनं डब्ल्यूआरएक्स भारतात विकली नाही. आपल्याकडे चार सिलिंडरांची टर्बो सेडान म्हटलं की हौशी लोक ऑक्टाविया व्हीआरएसचं नाव घेतात. ऑक्टाविया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळायची, तिला महाराष्ट्राची माती लागलेली आहे. अलीकडच्या व्हीआरएसच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. तिथं हेडर बदलायला जागाच नाही, त्यामुळे ठेका कंपनीनं दिला तोच. आणि कायदा इथं कडक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही असं स्पष्ट केलं, आणि ध्वनिप्रदूषणासाठी मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. पुण्या-मुंबईत पोलिसांनी जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, ते अशा आवाजावरच्या रागातून, आणि रात्री दोन वाजता दचकून उठणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बाजूनं पाहिलं तर तो राग रास्त आहे.

बसवण्याचं काम शांत डोक्यानं केलं तर अवघड नाही. गाडी पूर्ण थंड हवी आणि ती स्टँडवर टेकलेली हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्रीच भेदक तेल पाजून ठेवायचं. जोर लावून बोल्ट तोडला तर पुढचे दोन तास ड्रिलिंगमध्ये जातात. रबरी हँगर साबणाच्या पाण्यानं ओले केले की दांड्यावरून निसटतात. सुबारूच्या काही जोडांवर स्प्रिंग लावलेले बोल्ट असतात. ते इंजिनाची हालचाल झेलण्यासाठी आहेत, साध्या बोल्टनं बदलायचे नाहीत. गॅस्केट प्रत्येक वेळी नवं घ्यायचं.

नवी नळी पुढून मागे चढवायची आणि सगळे बोल्ट हातानं बसतील इतकेच ठेवायचे. मग मागे उभं राहून टोकं बंपरच्या मध्यात आणि समपातळीत आहेत का, नळी डिफरन्शियलला किंवा अँटिरोल बारला लागत नाही ना, हे पाहायचं. बंपरच्या प्लास्टिकपासून बोटभर तरी मोकळीक हवी, नाहीतर पहिल्या लांब प्रवासात ते वितळतं. इतकं जमल्यावरच पाना घट्ट फिरवायचा, तोही पुढच्या जोडापासून.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर थोडा धूर येतो. कारखान्यात नळीला लागलेलं तेल जळत असतं, काही मिनिटांत तो थांबतो. थंड इंजिनावर प्रत्येक जोडाजवळ हात धरून गळती तपासायची. बारीक टकटक ऐकू आली तर जोड पुन्हा खोलायचा. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवत बसतो. धातू तापून, पसरून, पुन्हा आकसल्यावर बोल्ट सैल पडतात, म्हणून आठवडाभर गाडी चालवून झाल्यावर ती परत स्टँडवर घ्यायची आणि सगळे जोड एकदा आवळून घ्यायचे. जुना एक्झॉस्ट भंगारात द्यायचा नाही. गाडी विकताना घेणारा तो मागतो, आणि आरटीओच्या तपासणीला तोच लागतो.