औषध, झोप आणि हरतालिकेचा उपास

मैत्रिणींनो, एखादी सून चार-चार रात्री डोळा लावत नाही, भराभर बोलते, हातचे पैसे उधळते. आणि पुढे तीच कित्येक आठवडे अंथरूण सोडत नाही. आपल्याकडे लगेच ‘बाहेरचं’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात. खरं तर हा बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी मनोविकार असू शकतो. मधुमेहासारखाच हा मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. मग संसार, नोकरी सगळं नीट चालतं.

1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी यावर लिथियमचा गुण दाखवला. आजही ते मोलाचं औषध आहे. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून जालन्याच्या मे महिन्यातल्या उन्हात पाणी भरपूर प्यावं. हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा एकदम अळणी जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळीही मनाने घेऊ नये. जुलाब-उलट्या झाल्या, हात फार थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासावं. ते रात्रीच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी देतात. थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही तपासणी लागते.

दुसरा आधार झोपेचा. जागरणाने उन्मादाचा झटका येऊ शकतो. लग्नघर असो की नवरात्र, तिला वेळेवर झोपू द्या. ‘एका रात्रीने काय होतंय?’ असं म्हणू नका. होतं, बाई!

‘आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?’ इथेच पुष्कळ घरं फसतात. बरं वाटतं ते गोळ्यांमुळेच. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. व्हॅल्प्रोएटसारखं औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. पण म्हणून औषध परस्पर बंदही करू नका.

सासूबाईंनी, नवऱ्याने एक वही ठेवावी: झोप किती, गोळी घेतली का, मन कसं. झोप घटली, बोलणं वाढलं, की झटका येण्याआधीच डॉक्टरांकडे जाता येतं.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची चौकशी करा. 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो. शेजारणी काय म्हणतील याची काळजी नंतर. आधी आपलं माणूस.