एकेचाळीस दातांचा हिशेब

गुलमंडीत दुकान असलेल्या माझ्या एका स्नेह्यांकडे 1990 च्या दशकात जुना सहा सिलिंडरचा टाटा ट्रक होता. टाटांनी 1954 मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, त्याच घराण्यातला. मुलाचा धोशा एकच : क्राऊन-पिनियन बदलू, टायर मोठे घालू, गाडी पळेल. घरात रोज खडाजंगी. शेवटी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मागच्या हाऊसिंगमध्ये पिनियनला 6 दात, क्राऊनला 41. म्हणजे शाफ्टचे 6.83 फेरे, तेव्हा चाकाचा एक. मुलाला हवी होती 7-41 ची जोडी. तिचा आकडा 5.86. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी 17 टक्के जोरात धावणार, पण ओढ 14 टक्क्यांनी घटणार. त्यात 9.00-20 ऐवजी 10.00-20 टायर घातले, की आणखी तीनेक टक्के गेले. (शिवाय स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार, ते वेगळंच!)

सपाट रस्त्यावर हे खपून जातं. पण यांचा माल कन्नडच्या औट्रम घाटातून चाळीसगावला उतरायचा. भरली गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच धरायची असते. ओढ घटली की ही पकडही तेवढीच सैल होते, सगळा भार ब्रेकवर येतो. आणि घाटात ब्रेक तापले तर पुढचं बोलायलाच नको.

"मग काका, नुसते टायर तरी?" मुलगा म्हणाला.

"आधी मागच्या जोडचाकांतली फट मोज. भरल्या गाडीत टायर एकमेकांना घासता कामा नयेत."

फट पुरेशी नव्हती. 6-41 तशीच राहिली, टायर 9.00 चेच आले. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही.