बदलीचा कागद

घाटकोपरच्या आमच्या चाळीत ‘बदली’ हा शब्द बँकेच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे रुळला. हुकूम आला की ट्रंका बांधायच्या आणि क्वार्टर मिळेपर्यंत कुणा नातेवाइकाकडे राहायचं. 2018 मध्ये माझ्या मेहुण्यांना अंधेरीच्या ऑफिसातून जर्मनीला पाठवायचं ठरलं, तेव्हाही घरात सगळे ‘बदली’च म्हणाले. या बदलीत कंपनीच्या पत्राने काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं परक्या देशाच्या निवास परवान्यावर असतं.

अंधेरीला हे नवं नाही. नावात सांताक्रूझ असलं तरी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला असलेलं सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973 चं. तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांतून माणसं परदेशी जाऊ लागली, त्याआधीच अमेरिकेने 1970 मध्ये खास कंपनीअंतर्गत बदलीसाठी एल-1 व्हिसा सुरू केला होता. मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच कंपनीत, अमेरिकेबाहेर नोकरी केलेली हवी. मॅनेजरला जास्तीत जास्त सात वर्षं, विशेष ज्ञान असलेल्याला पाच. एच-1बीसारखी लॉटरी यात नाही. पण एच-1बीवाला नवी कंपनी गाठू शकतो, एल-1वाल्याला त्या परवान्यावर ती सोय नाही. नोकरी सुटली तर जास्तीत जास्त 60 दिवस हातात.

आणखी एक हिशेब निघण्याआधी मांडावा, असं मी प्रत्येकाला सांगते. अमेरिकेत पगारातून 6.2 टक्के सोशल सिक्युरिटी कापली जाते आणि तिथलं पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांचा भरणा लागतो. पाच-सात वर्षांच्या परवान्यावर गेलेला माणूस दहा वर्षं कुठून आणणार? अशी दुहेरी कपात टाळणारा सामाजिक सुरक्षा करार भारताचा अमेरिकेशी नाही. जपानशी 2016 पासून, जर्मनीशी 2017 पासून सर्वंकष करार आहे. इथल्याच कंपनीचा नोकर म्हणून गेलेल्याने भविष्य निधी कार्यालयाचा दाखला नेला की तिथली पेन्शनची कपात टळते. हा एक कागद लाखांचा आहे.

युरोपीय संघाने अशा बदल्यांसाठी 2014 मध्ये एकसारखे नियम केले. जर्मनीत ‘आयसीटी कार्ड’ ऑगस्ट 2017 पासून मिळू लागलं. मॅनेजर आणि तज्ज्ञांना तीन वर्षं. पुन्हा हेच कार्ड हवं तर आधी सहा महिने बाहेर. जोडीदाराला तिथे नोकरी करता येते, आणि माझ्या मते पगाराच्या आकड्याआधी हेच विचारावं. अमेरिकेत एल-1वाल्याच्या बायकोला कामाचा हक्क 2002 मध्ये मिळाला, एच-1बीवाल्याच्या बायकोला 2015 मध्ये, तोही ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे सरकली असेल तरच. शिकलेल्या कितीतरी मुली तोवर घरात बसून राहिल्या.

माझ्या बहिणीचं घोडं मात्र नावावर अडलं. पासपोर्टवर माहेरचं नाव. लग्नात तांदळावर लिहिलेलं नवं नाव सासरच्यांनी लेकीच्या जन्मदाखल्यात आईच्या रकान्यात घातलं. लग्नाच्या नोंदणीत तिसरीच तऱ्हा: नाव माहेरचं, आडनाव सासरचं. आपल्याकडे यात कुणालाच वावगं वाटत नाही. परदेशी अधिकाऱ्याला त्या तीन बायका दिसतात. एन वॉर्डाच्या ऑफिसात चार खेपा, नोटरीकडे ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात जाहिरात. एका मधल्या एजंटाने अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून मारायच्या शिक्क्याचे, पैसे घेतले, पण भारत 2005 मध्ये अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली होती, त्यामुळे तो शिक्का आमच्या उपयोगाचा नव्हता. बोरिवलीत आर मध्य, मुलुंडला टी, अंधेरीला के पूर्व, कुठल्याही वॉर्डात असाल, हे कागद बदलीची कुणकुण लागताच जुळवायला घ्या.

मेहुणे पुढे गेले. मायलेकी पाच महिन्यांनी पोहोचल्या. मेहुण्यांच्या कार्डासोबत एक घडीचा हिरवा कागद होता, त्यावर कंपनीचं नाव छापलेलं. बहिणीच्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं, फक्त काम करायची परवानगी. पहिल्याच फोनवर तिने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. घाटकोपरचं गॅस कनेक्शन तिने बंद केलं नव्हतं.

तीन वर्षांनी ते परतले. लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘आईचे नाव’ या रकान्याशी बहिणीचा हात क्षणभर थांबला. मग तिने पासपोर्टवरचं नाव लिहिलं आणि राजपत्राची झेरॉक्स मागे टाचली.